बेडकांची कुस्ती आणि मंगाची वंशावळ

क्योतो नगराच्या वायव्येस, दाट झाडीच्या डोंगरात, कोझान-जी नावाचा एक जुना बौद्ध मठ आहे. या मठाच्या मालकीच्या चार चित्रगुंडाळ्या जपानात राष्ट्रीय ठेवा म्हणून गणल्या जातात. त्यांतील पहिली उजवीकडून उलगडू लागावी, तो प्रथम दृष्टीस पडतात ओढ्यात मनसोक्त डुंबणारे ससे आणि माकडे. पुढे ससे आणि बेडूक यांची धनुर्विद्येची चढाओढ चालली आहे. आणखी पुढे एक माकड काहीतरी आगळीक करून पळत सुटले आहे आणि त्याच्यामागे हातात काठ्या घेतलेले ससे-बेडूक धावत आहेत. मग येते कुस्ती. बेडकाने सशाचा कान दातांत धरला आहे. पुढच्याच क्षणी ससा चीत झाला आहे आणि विजयी बेडकाच्या तोंडातून आरोळी निघते आहे. आरोळी चित्रात दाखवावी तरी कशी? चित्रकाराने त्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या चारदोन रेषा काढल्या आणि तो मोकळा झाला. शेवटी शेवटी एक बेडूक बुद्ध होऊन कमळाच्या पानापुढे बसला आहे आणि भिक्षूच्या वेषातले माकड त्याच्यासमोर मंत्र म्हणत आहे. त्याच्याही मुखातून तशाच रेषा निघतात. साऱ्या गुंडाळीत लिहिलेला एक शब्द नाही आणि काळ्या शाईखेरीज दुसरा रंग नाही.

या गुंडाळ्यांना चोजू-जिन्बुत्सु-गिगा, म्हणजे पशुपक्षी आणि माणसे यांची थट्टाचित्रे, असे नाव आहे. परंपरा त्यांचे कर्तृत्व काकुयू नावाच्या एका महंताकडे देते. तो 1053 ते 1140 या काळात होऊन गेला आणि तोबा येथील वास्तव्यामुळे तोबा सोजो म्हणून ओळखला गेला. या समजुतीला भक्कम आधार नाही. चारही गुंडाळ्या एका हातच्या नाहीत. पहिल्या दोन बाराव्या शतकातल्या आणि उरलेल्या दोन तेराव्या शतकातल्या, असे सामान्यतः मानले जाते.

आता या बेडकांशी आपल्या विषयाचा संबंध असा, की जपानात आणि जपानबाहेरही त्यांना मंगाचे मूळपुरुष म्हणण्याचा प्रघात आहे. मंगा म्हणजे जपानची आधुनिक चित्रकथा. तिचा पसारा केवढा आहे हे एका आकड्यावरून कळेल. शोनेन जंप या मुलांच्या साप्ताहिकाच्या 1995 सालच्या आरंभीच्या एका अंकाच्या 65 लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या होत्या. एवढ्या प्रचंड वृक्षाचे बीज आठशे वर्षांपूर्वीच्या एका मठात सापडावे, ही कल्पना कोणालाही मोहात पाडील. ती कितपत खरी आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम गुंडाळी ही वस्तू काय आहे ते ध्यानात घ्यावयास हवे. जपानीत तिला एमाकी म्हणतात. कागदाचे ताव एकापुढे एक चिकटवून केलेला हा पट उंचीला साधारणपणे हातभर किंवा त्याहून कमी आणि लांबीला कित्येकदा दहा मीटर वा अधिक असतो. आपल्याकडच्या जुन्या जन्मकुंडल्यांच्या गुंडाळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही वस्तू अगदीच अपरिचित वाटणार नाही. मात्र कुंडली वरून खाली उलगडते आणि एमाकी उजवीकडून डावीकडे. वाचणारा डाव्या हाताने पुढचा भाग मोकळा करतो आणि उजव्या हाताने मागचा गुंडाळीत जातो. दोन हातांच्या मधे सुटतो तेवढाच तुकडा त्याच्या डोळ्यांपुढे असतो. म्हणजे भित्तिचित्र जसे एका नजरेत सामावते तसे येथे होत नाही. पुढे काय आहे ते झाकलेले, मागचे विसरू पाहणारे, आणि गोष्टीचा वेग वाचणाऱ्याच्या मनगटात. मराठीत पूर्वी चित्रपट म्हणजे चित्रे काढलेला पट. आज त्याच शब्दाने आपण पडद्यावरच्या हलत्या चित्रांना ओळखतो. एमाकीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात, हा भाषेने केलेला एक सुखद योगायोग म्हणावा.

ही गुंडाळी जपानात आली ती चीनमार्गे, आणि तिच्या सर्वांत जुन्या उपलब्ध नमुन्यातली कथा आपल्याच भूमीतली आहे. मध्य भारतातून चीनला गेलेल्या गुणभद्र या भिक्षूने पाचव्या शतकात बुद्धचरित्राचे एक सूत्र चिनी भाषेत आणले. आठव्या शतकात जपानात त्याची सचित्र प्रत तयार झाली. तिच्यात खालच्या अर्ध्या भागात सूत्राच्या ओळी आणि वरच्या अर्ध्या भागात त्या ओळींना धरून चाललेली चित्रे, असा दुमजली संसार आहे. वरच्या मजल्यावर सिद्धार्थ पुन्हा पुन्हा येतो. एका झाडापलीकडे तो निराळ्या दिवसात असतो, एका टेकडीपलीकडे निराळ्या गावात. मधे चौकट नाही. एकाच दृश्यात एकच व्यक्ती अनेकदा दाखवून काळ पुढे नेण्याची ही रीत अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची कथा पाहणाऱ्यास परिचित आहे. सांचीच्या तोरणावरचा बोधिसत्त्वाचा रिकाम्या पाठीचा घोडाही असाच पुन्हा पुन्हा भेटतो. बौद्ध कथांच्या सोबतीने ही रीत मध्य आशिया आणि चीन या वाटेने पूर्वेकडे गेली. जपानच्या होऱ्यू-जी मठात सातव्या शतकातले एक लाकडी देवघर आहे. त्याच्या एका फळीवर भुकेल्या वाघिणीला स्वतःचा देह देणारा राजपुत्र तीनदा दिसतो: कड्यावर वस्त्र काढून ठेवताना, अंतराळात खाली येताना आणि तळाशी वाघिणीच्या पुढ्यात. एवढ्याशा जागेत तीन क्षण.

बाराव्या शतकात या रीतीला जपानी चित्रकारांच्या हाती जी कळा चढली, ती मात्र सर्वस्वी त्यांची आहे. तिचे दोन नमुने मी सावकाशीने सांगणार आहे, कारण पुढचा सारा वाद त्यांच्यावर अवलंबून आहे.

पहिला नमुना शिगी पर्वताच्या कथेचा. या पर्वतावर म्योरेन नावाचा एक तपस्वी राहत असे. त्याचे भिक्षापात्र आपण होऊन आकाशमार्गे खाली एका धनिकाच्या घरी जाई आणि भरून परत येई. एके दिवशी कंटाळलेल्या धनिकाने ते धान्याच्या कोठारातच कोंडून टाकले. गुंडाळीची आजची सुरुवात येथूनच, एकदम गोंधळातून होते. माणसे तोंडे वासून, हात वर करून धावत आहेत. कशामुळे, ते अजून दिसत नाही. डावा हात थोडा सरकावा तेव्हा कळते की अख्खे कोठार हवेत उचलले गेले आहे आणि त्याच्या बुडाशी ते इवलेसे पात्र आहे. कोठार नदीवरून, डोंगरांवरून उडत जाते आणि आपणही कागद उलगडीत त्याच्यामागे जातो. पुढे तपस्वी कोठार ठेवून घेतो, पण धान्य परत करतो. पोत्यांची एक लांबच लांब रांग पाखरांच्या थव्यासारखी आकाशातून माघारी निघते. आधी परिणाम आणि मग कारण, आधी भयभीत चेहरे आणि मग त्यांनी पाहिलेली गोष्ट, हा क्रम चित्रकाराने मुद्दाम योजलेला आहे. कागद कसा उलगडला जाणार हे त्याला पुरते ठाऊक होते.

याच कथेच्या तिसऱ्या गुंडाळीत तपस्व्याची बहीण, एक वृद्ध भिक्षुणी, भावाचा शोध घेत नारा नगरातल्या महाबुद्धाच्या मंदिरात येते. त्या विशाल मूर्तीपुढे तिची चिमुकली आकृती एकाच चित्रात अनेकदा काढली आहे: येथे ती प्रार्थना करते, येथे झोपी जाते, येथे निघून जाते. रात्र सरली हे सांगण्यास चंद्र-सूर्य लागले नाहीत.

दुसरा नमुना राजकारणातला आहे. 866 साली क्योतोच्या राजवाड्याचे ओतेन-मोन नावाचे महाद्वार जळाले. बान दाइनागोन या बड्या अधिकाऱ्याने आळ घेतला तो आपल्या प्रतिस्पर्ध्यावर. पुढे आग त्यानेच लावली असा निवाडा होऊन तो हद्दपार झाला. ही घटना तीन गुंडाळ्यांत चितारली आहे. सत्य बाहेर येते ते दोन पोरांच्या भांडणातून. त्या भांडणाचे दृश्य जगातल्या चित्रकथनाच्या इतिहासात अजोड आहे, असे माझे मत आहे. दोन मुले एकमेकांचे केस धरून झोंबत आहेत. वरच्या बाजूने एका मुलाचा बाप धावत येतो. हा बाप दाइनागोनाच्या पदरचा. त्याच्या जरा खाली तोच बाप आपल्या मुलाला मागे घालून दुसऱ्याच्या मुलाला लाथ मारतो. आणि त्याच वर्तुळात बाजूला त्या पोराची आई त्याला हाताला धरून घराकडे ओढते. माणसे तीच, जागा तीच, क्षण तेवढे निराळे. आणि ते सारे एका गोलात फिरतात. लाथ खाल्लेल्या मुलाचा बाप रात्री त्या द्वाराजवळून जाताना सारे पाहिलेला असतो. तो संतापून रस्त्यात बोलून जातो आणि दाइनागोन बुडतो.

आजच्या मंगात हाच प्रसंग काढावयाचा झाला तर चित्रकार पानाचे चार-पाच तुकडे करील. एकात धावणारे पाय, एकात लाथ, एकात पोराचा कळवळलेला चेहरा अगदी जवळून, एकात आईचा हात. फरक येथे आहे. एमाकी सतत वाहते, तिला छेद ठाऊक नाही. पाहणारा एकाच अंतरावरून, किंचित उंचीवरून पाहत राहतो. घराच्या आतले दाखवावयाचे तर छप्पर काढून टाकले जाते, जसे गेंजीच्या कथेच्या गुंडाळ्यांत केले आहे. पण कोणाच्या डोळ्यातला अश्रू दाखवण्यासाठी चित्रकार जवळ जात नाही. त्या राजविलासी गुंडाळ्यांत तर डोळा म्हणजे एक रेघ आणि नाक म्हणजे एक आकडा. मंगाचा प्राण मात्र छेदात आहे, आणि मोठाल्या डोळ्यांविना तिचे पाऊल पुढे पडत नाही.

हा छेद आला कोठून? त्यासाठी कित्येक शतके ओलांडावी लागतात. मंगा हा शब्द होकुसाईमुळे प्रसिद्ध झाला. त्याच्या होकुसाई मंगा या संग्रहाचा पहिला भाग 1814 साली निघाला आणि पंधरावा त्याच्या मृत्यूनंतर, 1878 मध्ये. पण शब्दाचा अर्थ तेव्हा मनास येईल तशी काढलेली चित्रे एवढाच होता. त्या पुस्तकांत कथा नाहीत, रेखाटने आहेत. कथेच्या दृष्टीने अधिक जवळची आहेत ती 1775 पासून एदो शहरात निघालेली पिवळ्या वेष्टनाची पुस्तके, ज्यांना किब्योशी म्हणत. त्यांत पानभर चित्र आणि चित्रातल्या प्रत्येक मोकळ्या जागेत बारीक अक्षरांची दाटी. त्यांच्या आद्य पुस्तकात लाडूची वाट पाहता पाहता झोपी गेलेल्या तरुणाचे स्वप्न त्याच्या अंगातून निघालेल्या फुग्यात दाखवले आहे. ही पुस्तके लाकडी ठशांवर छापली जात आणि बाजारात विकली जात. मठांतल्या आणि सरदारघराण्यांतल्या गुंडाळ्या सामान्य माणसाच्या नजरेस कधी पडत नसत, हे येथे विसरता कामा नये.

मग परकीय आले. 1862 साली चार्ल्स वर्गमन या इंग्रज चित्रकाराने योकोहामा येथे जपान पंच सुरू केले. लंडनच्या पंचवरून हे नाव घेतलेले होते. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात ठिकठिकाणी त्या पंचचे अवतार निघाले, हे श्रोत्यांना ठाऊक असेल. जपान्यांनी पंचचा उच्चार पोंची असा केला आणि व्यंगचित्रांना पोंची-ए हे नाव पडले. किताझावा राकुतेन याला हे नाव हलके वाटे. त्याने वृत्तपत्रातल्या आपल्या चित्रांसाठी मंगा हा शब्द पुढे आणला. 1905 साली त्याने टोकियो पक हे नियतकालिक काढले, तेही अमेरिकन नावाचेच. नंतर 1923 साली असाही वृत्तपत्राच्या सचित्र पत्रिकेत ब्रिंगिंग अप फादर ही अमेरिकन चित्रमालिका भाषांतरित होऊन येऊ लागली. चौकटींची रांग आणि तोंडातून निघणारे बोलण्याचे फुगे जपानी वाचकाच्या अंगवळणी पडले ते अशा मालिकांमुळे. त्याच वर्षी शो-चान नावाच्या मुलाची जपानी मालिकाही याच धर्तीवर निघाली.

आणि 1924 साली होसोकिबारा सेइकी याने जपानी मंगाचा इतिहास हे पुस्तक प्रसिद्ध केले. मंगाच्या वंशावळीत तोबा सोजोला आणि त्याच्या म्हणविल्या जाणाऱ्या बेडकांना मानाचे स्थान मिळाले ते अशा इतिहासांमुळे.

हा कालक्रम मला फार बोलका वाटतो. अमेरिकन चौकटी आणि फुगे दाराशी आले, आणि वर्ष-दीड वर्षाच्या आत घरातल्या जुन्या पेटीतून वंशावळ बाहेर निघाली. होसोकिबाराने काही लबाडी केली असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. व्यंगचित्रकाराला तेव्हा समाजात फारशी प्रतिष्ठा नव्हती, आणि प्रतिष्ठा मागणाऱ्याने पूर्वज शोधावेत हे जगभर चालत आलेले आहे. शिवाय छायाचित्रांच्या आणि छपाईच्या साहाय्याने या गुंडाळ्या सर्वसामान्य जपानी माणसाच्या हाती याच सुमारास येऊ लागल्या होत्या. ज्या यंत्राने मंगा घरोघर नेली, त्याच यंत्राने बाराव्या शतकातले बेडूकही घरोघर नेले. दोन्ही एकदम डोळ्यांपुढे आल्यावर नाते जुळणे अपरिहार्य होते.

1947 साली तेझुका ओसामु याची नवी रत्नद्वीप ही चित्रकथा निघाली. साकाई शिचिमा याची मूळ योजना आणि तेझुकाची चित्रे. एक मुलगा मोटार भरधाव हाकीत बंदराकडे चालला आहे, या एवढ्या गोष्टीला आरंभीच चौकटींमागून चौकटी दिल्या आहेत. पुढच्या पिढीतल्या किती तरी चित्रकारांनी ती पाने हेच आपले दीक्षाविधान मानले. तेझुकाचे ऋण होते ते सिनेमाचे आणि डिस्नेचे, आणि ते त्याने कधी लपवले नाही. पण याच तेझुकाने 1972 ते 1983 या अकरा वर्षांत बुद्धचरित्र मंगात आणले. आठव्या शतकातल्या त्या दुमजली गुंडाळीनंतर सिद्धार्थ पुन्हा एकदा जपानी कागदावर उजवीकडून डावीकडे चालू लागला.

ही उजवी-डावी दिशा क्षुल्लक समजू नये. मंगा प्रथम इंग्रजीत जाऊ लागली तेव्हा पाने आरशातल्यासारखी उलटी करून छापीत. त्यामुळे उजव्या हाताने तलवार चालवणारे सामुराई डावखुरे झाले आणि धावणाऱ्या माणसाची धाव कोठेतरी अडखळू लागली. पुढे प्रकाशकांनी तो खटाटोप सोडला आणि परदेशी वाचकच उलट्या बाजूने पुस्तक उघडावयास शिकला. डोळ्याला लागलेले वळण असे चिवट असते. ते लिपीतून आले, गुंडाळीत मुरले आणि छापील पानात उतरले. यासाठी कोणा चित्रकाराने कोझान-जीची गुंडाळी पाहिलेली असण्याची गरज नव्हती.

म्हणून मला वाटते, मंगा एमाकीच्या पोटी जन्मली असे म्हणणे इतिहासाला सोडून आहे. तिचे जन्मस्थान विसाव्या शतकातले वृत्तपत्र हेच आहे. परंतु चित्र हे वाचण्याची वस्तू आहे, नुसती पाहण्याची नव्हे, आणि शब्द व रेषा एकाच कुंचल्याच्या दोन करामती आहेत, ही समजूत जपानी वाचकाजवळ आधीपासून होती. अमेरिकेतून आलेले बी तेथे इतके फोफावले ते या जमिनीमुळे. चलच्चित्रकार ताकाहाता इसाओ याने 1999 साली बाराव्या शतकातील चलच्चित्रे या अर्थाचे नाव देऊन एक पुस्तकच लिहिले आणि शिगी पर्वत, बान दाइनागोन व बेडूक-सशांच्या गुंडाळ्या त्यात उलगडून दाखवल्या. काळ कागदावर कसा वाहवावा या प्रश्नाला त्या जुन्या लोकांनी दिलेले उत्तर एका कसबी माणसाने समजून घेतले, असे त्याचे स्वरूप आहे. नात्याचा दावा करण्यापेक्षा ही रीत मला अधिक भावते. अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वरून खाली सरकत जाणाऱ्या, चौकटींचे पान नसलेल्या चित्रकथा कोरियातून आल्या आहेत. गुंडाळीच परत आली म्हणावे, फक्त आडवी होती ती उभी झाली.

2021 साली टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयाने कोझान-जीच्या चारही गुंडाळ्या पूर्ण उलगडून एकाच प्रदर्शनात मांडल्या. महासाथीमुळे ते प्रदर्शन मधे काही काळ बंद ठेवावे लागले होते. पहिल्या गुंडाळीपुढे गर्दी तुंबणार हे ओळखून तेथे जमिनीत सरकता पट्टा बसवला होता. प्रेक्षकाने त्यावर उभे राहावयाचे आणि पट्टा त्याला चित्राच्या कडेकडेने नेणार. सुमारे अकरा मीटर लांबीची ती गुंडाळी काचेआड स्थिर होती, आणि ओढ्यातल्या सशांपासून बेडूक-बुद्धापर्यंत माणसे तिच्यापुढून सरकत होती. कुस्तीपाशी घटकाभर रेंगाळावे म्हटले तरी पट्टा थांबत नव्हता.